वेल्समधल्या स्लेट खाणीवरच्या बराकी: जनगणनेत माणसं का सापडत नाहीत?

कौलारू

उत्तर वेल्समधल्या स्लेटच्या, म्हणजे आपल्या पाटीच्या दगडाच्या खाणींवर कामगार कुठे आणि कसे राहत, यावर माहिती जमवतोय. वाचून झालंय बरंच, पण काही गोष्टींचा मेळ बसत नाही.

लानबेरिसजवळच्या दिनॉर्विक खाणीवर 'अँगल्सी बराकी' आहेत. आता नुसत्या भिंती उरल्यात. समोरासमोर दोन ओळी, प्रत्येक ओळीत ११ गाळे, गाळ्यात दोन खोल्या आणि चार माणसं. भरलेल्या असतील तर ८८ माणसं झाली. पण जनगणनेच्या याद्या चाळल्या तर बराकीत राहणारी माणसं या हिशोबाच्या जवळपासही जात नाहीत. याद्या चुकल्या, की बराकी रिकाम्याच असायच्या?

दुसरं म्हणजे खाणीत ऐन भरात तीन हजारांवर माणसं होती. मग ८८ जणांची सोय करून काय साधलं? उरलेले कुठे राहत? आणि मालक एवढे गडगंज, तर त्यांनी सरळ गावच का नाही वसवलं?

तिसरं बांधकामाचं. सगळं काही खाणीच्या टाकाऊ दगडात बांधलेलं दिसतं. स्लेट पाणी पीत नाही म्हणतात, मग 'बराकी ओलीने भरलेल्या असत' असं जो तो का लिहितो?

गिरणगावात एका गाळ्यात पंधरा-वीस कोकणी गडी राहायचे, बायकापोरं गावी. हा तोच प्रकार म्हणायचा का?

आडवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वारात आहे. ब्रिटनची जनगणना रविवारच्या रात्री व्हायची. ३० मार्च १८५१, ७ एप्रिल १८६१, २ एप्रिल १८७१, ३ एप्रिल १८८१, ५ एप्रिल १८९१, ३१ मार्च १९०१, २ एप्रिल १९११, सगळे रविवार. त्या रात्री जो ज्या छपराखाली झोपला, तिथे त्याची नोंद. आणि बराकीतला माणूस रविवारी रात्री बराकीत नसायचाच.

त्याचा आठवडा असा. सोमवारी पहाटे अँगल्सी बेटावरच्या घरून निघायचं, मोएल-अ-डॉनला मेनाई सामुद्रधुनीची होडी पकडायची आणि पलीकडे वेलिन्हेलीला उतरायचं. तिथून पुढे खाणीची स्वतःची पाडार्न रेल्वे. १८९५ पासून तिच्यावर खास कामगारांची गाडी सुरू झाली. ती गिलवाख दी इथे, खाणीच्या पायथ्याशी सोडायची. त्याआधी रुळांवर हातापायांनी चालवायच्या ढकलगाड्या होत्या, नाहीतर पायपीट. वर खाणीच्या टप्प्यांवर चढून जायचं ते वेगळंच. शनिवारी दुपारी काम सुटलं की हाच रस्ता उलटा. आठवड्याचा शिधा घरून कापडी पिशवीत यायचा. त्या होडीने येणाऱ्यांना स्थानिक लोक 'मॉख मोन', म्हणजे अँगल्सीची डुकरं, म्हणत. यावरून एकमेकांवर किती प्रेम होतं ते समजून घ्या.

तेव्हा याद्या चुकलेल्या नाहीत, तुम्ही माणसं चुकीच्या गावात शोधताय. अँगल्सीच्या दक्षिणेकडच्या, मेनाईच्या बाजूच्या गावांच्या याद्या काढा आणि व्यवसायाच्या रकान्यात 'स्लेट क्वारीमन' शोधा. बेटावर स्लेटची मोठी खाण नसलेल्या गावात हा शब्द सापडला, तर तो माणूस आठवडाभर बहुतेक पलीकडेच असणार. काही घरांत नवऱ्याच्या व्यवसायाखाली बायकोला 'शेत बघते' असंही लिहिलेलं असतं, तेही टिपा.

दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, आडनावं. जोन्स, विल्यम्स, ह्यूज, ओवेन एवढ्यांत अर्धं गाव संपतं, म्हणून नावावर जाऊ नका. वय, जन्मगाव आणि घराचं नाव तिन्ही जुळलं तरच एक माणूस धरा. दुसरं, १८९१ आणि १९०१ च्या यादीत खोल्यांची संख्या येते, पण ती पाचांहून कमी खोल्या असतील तरच. रकाना कोरा म्हणजे खोल्या नाहीत असं नव्हे, पाच किंवा जास्त आहेत. १८९१ लाच वेल्समध्ये भाषेचा रकानाही सुरू झाला.

१९२१ नंतरचं शोधू नका, हाती लागणार नाही. १९३१ ची कागदपत्रं १९४२ च्या आगीत गेली आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. मधल्या काळासाठी १९३९ ची नोंदवही आहे, तिच्यावर काम भागतं.

गिरणगावाशी तुलना करायची तर एक फरक डोक्यात ठेवा. कोकणातला गडी गणपतीला आणि शिमग्याला घरी जायचा, हा दर शनिवारी. त्यामुळे इथे खानावळ उभी राहिली नाही. डबा बायको बांधून द्यायची, फक्त सहा दिवसांचा.

टाकीचे घाव

बांधकामाचं मी सांगतो.

विकाऊ स्लेट एक टन निघाली तर मागे दहा टन किंवा त्याहून जास्त टाकाऊ दगड उरतो. तो टाकायलाही मजुरी पडते, त्यामुळे भिंतीचा दगड फुकटातच जमा. भिंत साधारण दोन फूट जाडीची, आतून आणि बाहेरून दोन तोंडं, मध्ये बारीक तुकड्यांची भर. दोन्ही तोंडं बांधून ठेवायला अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड घालतात. तो घालायचा कंटाळा केला की वीस-तीस वर्षांत मधली भर खाली बसते आणि भिंतीला पोट सुटतं. पडक्या घरांत भिंत उभी चिरून फक्त बाहेरचं तोंड ढासळलेलं दिसलं, तर तिथे आरपार दगड कमी पडलेत, असं डोळे झाकून म्हणा.

आता ओल. स्लेट पाणी पीत नाही हे खरं, आणि सगळी भानगड तीच आहे. आपला जांभा किंवा भाजलेली वीट थोडं पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडते. स्लेटच्या भिंतीवर पडलेलं पाणी दगडावरून ओघळतं आणि थेट सांध्यात शिरतं. म्हणजे भिंतीचा सगळा भार सांध्यातल्या मालावर. बराकींत तो माल पुष्कळदा माती, नाहीतर मातीत चिमूटभर चुना. चांगला गवंडी दगड किंचित बाहेरच्या अंगाला उतरता बसवतो, म्हणजे पाणी बाहेर निथळतं. दगड आत उतरता बसला की तोच पन्हाळ होतो आणि पाणी खोलीत आणून सोडतो.

त्यात इथला पाऊस. वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर, म्हणजे आकडा कोकणाला शोभेल असा, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही. बाराही महिने पडतो, वाऱ्यासोबत आडवा येतो, आणि मधे भिंत वाळायला ऊन नाही. सोमवारी सकाळी चार माणसं येणार, संध्याकाळी शेगडी पेटणार, शनिवारी विझणार. दोन दिवस थंड पडलेल्या खोलीत परत आग पेटली, ओले कपडे आत वाळत टाकले, की जमिनीवरच्या स्लेटच्या लाद्यांवर घाम सुटतो. लाद्या सरळ मातीवर बसवलेल्या, खाली काही नाही. बराकी ओल्या असण्याचं निम्मं कारण पावसात आहे आणि निम्मं या पेटत्या-विझत्या शेगडीत.

ज्यांना जमलं त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून उभ्या स्लेटा ठोकल्या, छपरासारख्या. तो सगळ्यांत चांगला उपाय. सगळ्यांत वाईट म्हणजे नंतरच्या लोकांनी सिमेंटने दगडांमधले सांधे भरले. सिमेंट तडकतं, फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही.

छपराचा हिशोबही घ्या, उपयोगी पडेल. स्लेट दुहेरी झाकणीने बसते. प्रत्येक स्लेटीचं डोकं वरून दुसऱ्या नव्हे तर तिसऱ्या ओळीने सुद्धा झाकलं पाहिजे, साधारण ३ इंच. दोन रिपांमधलं अंतर काढायचं तर लांबीतून झाकणी वजा करून निम्मं करा. २० बाय १० इंचाची स्लेट, जिला धंद्यात 'काउंटेस' म्हणतात, तिला साडेआठ इंच अंतर आणि १०० चौरस फुटाला सुमारे १७० नग. १६ बाय ८ ची 'लेडी' असेल तर साडेसहा इंच आणि सुमारे २७७ नग. म्हणजे लहान माल घेतला की नग, खिळे, रिपा आणि मजुरी सगळंच वाढतं. तरी कामगारांच्या घरांवर लहान आणि जाड माल जास्त दिसतो, कारण मोठा पातळ माल जहाजावर चढायचा. पडक्या बराकीत रिपा किंवा वासे सापडत नाहीत, पण आतल्या ढिगाऱ्यातल्या स्लेटींची लांबी मोजली तर छपराचा हिशोब उलटा मांडता येतो.

छप्पर जातं ते स्लेटीमुळे नाही, खिळ्यामुळे. लोखंडी खिळा गंजला की स्लेट सरकते, एक सरकली की वारा आत शिरतो आणि शेजारच्या दहा उचलतो.

सातबारा

'मालकांनी गाव का नाही वसवलं' याचं उत्तर दगडात शोधू नका, जमिनीच्या कागदात शोधा.

दिनॉर्विकचा मालक अ‍ॅशटन स्मिथ, व्हेनॉल इस्टेटीचा. बेथेस्डा गावाजवळच्या पेन्रिन खाणीचा मालक लॉर्ड पेन्रिन. दोघं आधी जमीनदार आणि मग खाणवाले. शिवाय खाणीभोवतालचा डोंगरही त्यांचाच, किंवा त्यांनी करून घेतला. लान्डेनिओलेन परगण्याची सामाईक माळजमीन १८०६ च्या कायद्याने बंदिस्त झाली आणि मोठा वाटा अ‍ॅशटन स्मिथकडे गेला. माळावर झोपड्या बांधून राहणाऱ्यांनी १८०९ मध्ये दंगा केला, तो मोडून काढला गेला. त्यानंतर माळावर घर हवं तर इस्टेटीच्या मर्जीने.

मर्जी अशी: उजाड माळाचा तुकडा घ्या, घर स्वतःच्या खर्चाने बांधा, दगड वेचा, चर खणा, जमीन कसती करा. मोबदल्यात मर्यादित मुदतीचा पट्टा, जमिनीचं भाडं दरसाल. मुदत सरली की जमीन तर परत जातेच, वर बांधलेलं घरही तिच्याबरोबर मालकाचं. बेथेस्डाच्या वरच्या अंगाला मिनिद लान्दिगाय आहे, तिथे हा प्रकार आजही डोळ्यांना दिसतो: रस्त्याच्या कडेने घरांची रांग आणि प्रत्येक घरामागे लांबट पट्टी. खाण-कामगाराने फावल्या वेळात माळाचं शेत करून द्यायचं आणि त्याचं भाडंही त्यानेच भरायचं. मालकाने घरं बांधण्यात पैसा का घालावा?

कामगारालाही जमिनीचा तुकडा हवाच असायचा, आणि त्याचं कारण मजुरीच्या पद्धतीत आहे. दगड काढणाऱ्याला रोजंदारी नव्हती. तीन-चार जणांची टोळी कड्याचा एक भाग 'बार्गेन' म्हणून घ्यायची आणि दर महिन्याला मुकादमाशी भाव ठरायचा. दगड चांगला लागला तर बरं, खराब लागला तर महिनाभर घाम गाळून हाती काही नाही. अशा माणसाला एक गाय, एक डुक्कर आणि बटाट्याचा वाफा म्हणजे विमाच. अँगल्सीचा माणूस बेटावरचं घर सोडून खाणीपाशी यायला का तयार नव्हता, तेही यातच आलं. बराकी मालकाने लादल्या असं सरसकट लिहू नका. ज्याचं शेत पलीकडे आहे त्याला शेत न सोडता खाणीत येता यावं, ही सोय दोन्ही बाजूंना परवडत होती. मालकाला मात्र जास्त परवडत होती.

आता बेथेस्डा गाव बघा. टेलफर्ड या इंजिनियरने काढलेल्या रस्त्याच्या कडेने ते वाढलं, आणि नाव १८२० च्या एका प्रार्थनाघरावरून पडलं. दारूचे सगळे गुत्ते मुख्य रस्त्याच्या एकाच बाजूला. कारण दुसऱ्या बाजूची जमीन पेन्रिन इस्टेटीची होती. जमिनीची हद्द इतकी ठळक की नकाशा नसला तरी गुत्ते मोजत चालत गेलात तरी कळेल.

घर आणि नोकरी एकाच हाती असली की काय होतं ते १९०० च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पेन्रिनच्या संपात कळलं. सुमारे २,८०० माणसं बाहेर पडली, तीन वर्षं संप चालला. 'या घरात फितूर नाही' अशी छापील पाटी खिडकीत लावायची, ज्याने काढली तो कामावर परतला असं समजायचं. परतलेल्यांसाठी लॉर्ड पेन्रिनने त्रेगार्थला घरं बांधली. त्या आळीला लोकांनी 'शेपटीची आळी' नाव ठेवलं. वेल्शमध्ये लाळघोट्याला शेपूटवाला म्हणतात. एरवी पैसा नव्हता म्हणणाऱ्या इस्टेटीला या घरांसाठी बरोब्बर सापडला!

पट्ट्याचा प्रश्न फार उशिरा सुटला. १९६७ च्या कायद्याने लांब मुदतीच्या पट्ट्यावर राहणाऱ्यांना घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. दिनॉर्विक खाण त्यानंतर दोन वर्षांत, १९६९ च्या उन्हाळ्यात बंद पडली.

फडताळ

सातबारा, जमिनीचं पटलं, पण 'मालकांनी गाव वसवलंच नाही' हे दिनॉर्विक-पेन्रिनपुरतं खरं. जिथे खाण नव्या कंपनीची आणि आसपास वस्ती नाही, तिथे गावं वसवली गेली, आणि बरीचशी फसली. कुम अस्त्रादलिनमधलं त्रेवोरिस घ्या. गोर्सेदाइ खाणीसाठी १८५० च्या दशकात ३६ घरं, जोडीजोडीने १८ जोड्या, तीन समांतर रस्त्यांवर, घरटी जमिनीचा तुकडा. रेखाटन सुबक, पण जागा डोंगरावर उघड्या वाऱ्यात आणि खाणीतला दगडच निकृष्ट. १८६७ ला खाण बंद, गाव ओस. याउलट अबर्गनोल्विन. ब्रिन एग्लुइस खाणीसाठी मँचेस्टरच्या मॅकॉनेल घराण्याच्या कंपनीने १८६० च्या दशकात वसवलं, खाण १९४६ ला बंद झाली, गाव अजून नांदतंय. फरक एवढाच की ते खाली दरीत, रस्त्यावर आणि टॅलिलिन रेल्वेजवळ होतं. पण तिथेही वर खाणीवर बराकी होत्याच, आठवड्याच्या मुक्कामाला.

कौलारू, तुमच्या टिपणात 'कॅबान' शब्द आला तर जपून. पुष्कळ लोक कॅबान आणि बराक एकच समजतात. कॅबान म्हणजे खाणीतली जेवणाची खोली, दुपारच्या सुट्टीची. तिथे चहा, वादविवाद, कविता आणि गाण्याच्या स्पर्धा चालत. झोपायला कोणी नसे. तशीच तिसरी गोष्ट 'ग्वाल', स्लेट फोडायचे आडोसे. तीन भिंती, समोरची बाजू उघडी, ओळीने पंधरा-वीस. लांबून बराकीच वाटतात. ओळखायची खूण धुराडं. बराकीत शेगडी हवीच, ग्वालमध्ये नसते. आणि कुटुंबाचं घर असेल तर मागे डुकराचा खुराडा, परसाची भिंत, पोटमाळ्यासाठी तुळया बसवायच्या खाचा. बराकीत यातलं काही नाही.

रोगराईबद्दल वाचताना १८९५ चा मेरियनेथशायरच्या स्लेट खाणींवरचा सरकारी समितीचा अहवाल हाती येईलच. बराकींची घाण, एका बिछान्यात दोघं, हवा खेळत नाही, सगळं त्यात आहे आणि खोटं काही नाही. पण तो कोणाची साक्ष आहे ते बघत वाचा. खाणीच्या पगारावरचे डॉक्टर छातीच्या आजाराचं खापर कोंदट घरावर, ओल्या कपड्यांवर आणि तासन्‌तास उकळलेल्या चहावर फोडत होते, कारण मग धुळीचं नाव घ्यावं लागत नाही. घर वाईट होतंच. म्हणून तर ते सबब म्हणून चाललं. स्लेटच्या धुळीने फुप्फुसं गेलेल्यांना रीतसर भरपाई मिळाली ती १९७९ च्या कायद्याने, तोवर बहुतेक खाणी बंद पडल्या होत्या.

दिनॉर्विकच्या बराकींना वीज नाही, नळ नाही, संडास नाही. १९४८ मध्ये आरोग्य निरीक्षक न सांगता येऊन धडकला आणि राहायला अयोग्य म्हणून शेरा मारला, तेव्हा त्या बंद झाल्या. न सांगता आला म्हणूनच, एरवी सफेदी करून ठेवली असती.

कौलारू

सगळ्यांचे आभार. रविवारचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. अँगल्सीच्या याद्या उघडून बसलोय आणि 'स्लेट क्वारीमन' धडाधड सापडतायत.

आडवाट, मग बराकीतल्या माणसांची संख्या सांगायला जनगणनेशिवाय दुसरं काय धरायचं? आणि टाकीचे घाव, पडक्या गाळ्याचा नकाशा काढायचा तर काय काय मोजावं? जूनमध्ये तिकडे जाणं होतंय.

आडवाट

संख्येसाठी खाणीचे स्वतःचे कागद. व्हेनॉल इस्टेटीचे आणि दिनॉर्विकचे कागद कार्नार्वनच्या ग्विनेथ अभिलेखागारात आहेत, पेन्रिन घराण्याचे बँगर विद्यापीठात. आधी लिहून वेळ घ्या, आणि 'बराकींचे कागद' असं मोघम मागू नका. पगारपत्रकातली कपात मागा. भाडं, कोळसा, दवाखान्याची वर्गणी वगैरे वजा करून पगार दिला जाई, त्यामुळे कोणाच्या नावावर काय कापलं ते बघत माणसापर्यंत पोचता येतं. खाणीचा महिना चार आठवड्यांचा असे, बारा महिन्यांचा हिशोब धरलात तर वर्षाची बेरीज चुकेल.

इमारत कधी उभी राहिली ते नकाशांवरून. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने २५ इंची (मैलाला २५ इंच या प्रमाणाचे) नकाशे फुकट बघता येतात, वेल्सचेही आहेत. एका आवृत्तीत नाही आणि पुढच्यात आहे, एवढ्यावर ती कोणत्या दोन सालांच्या मधे बांधली ते पक्कं होतं. फक्त नकाशाचं छापल्याचं साल धरू नका, कोपऱ्यातलं मोजणीचं साल धरा. दोन्हींत बरंच अंतर पडतं.

टाकीचे घाव

मोजताना आधी दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी घ्या, तिथे दोन्ही तोंडं स्वच्छ दिसतात. मग गाळ्याची आतली लांबी-रुंदी, आणि दोन्ही कर्ण न चुकता. कर्ण नसतील तर घरी येऊन नकाशा जुळत नाही, कारण यातला एकही कोपरा काटकोनात नाही. शेगडीची रुंदी, खोली आणि वरच्या दगडाची लांबी. खिडकीचा उंबरा जमिनीपासून किती वर. भिंतीत उभी सरळ सांध दिसली, म्हणजे दगड एकमेकांत गुंतलेले नाहीत, तर तो भाग नंतर जोडलेला. सांध कुठे सुरू होते ते टिपा. भिंतीतल्या खाचांची उंची घ्या, माळा होता का ते त्यावरून ठरेल. जमीन ढिगाऱ्याखाली असेल तर उंबऱ्याचा दगड शून्य माना आणि सगळ्या उंच्या त्याच्यापासून घ्या.

दोन माणसं, ३० मीटरची टेप, एक ५ मीटरची, आणि फोटोत ठेवायला रंगीत पट्टी. स्लेट ओली असताना करडी-जांभळी एकसारखी दिसते, सांधे फोटोत येत नाहीत. ढगाळ पण कोरडा दिवस मिळाला तर सोनं.

ठरलेल्या पायवाटा सोडून ढिगांवर चढू नका. टाकाऊ स्लेटचा ढीग पत्त्यांच्या कॅटसारखा सरकतो, एक दगड पायाखालून गेला की वरचे निघतात. बिनछपराच्या भिंतीला टेकून उभं राहू नका. आणि २०२१ पासून हा सगळा पट्टा सहा भाग मिळून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, तेव्हा नमुना म्हणून तुकडा खिशात घालायचा मोह आवरा. ढिगाऱ्यातली स्लेट जागेवर मोजा, जागेवर ठेवा.

फडताळ

घराच्या आतलं सामान बघायचं तर लानबेरिसच्या स्लेट संग्रहालयातली फ्रॉन हाउलची चार घरं. मूळची तान्ग्रिशाइची, एकेक दगड काढून आणली आणि १९९९ मध्ये इथे उभी केली. तीन घरं तीन सालांची लावलीत: १८६१, संपाच्या वेळचं १९०१ चं बेथेस्डातलं घर, आणि खाण बंद पडली त्या १९६९ चं. चौथं शाळकरी मुलांच्या वर्गासाठी. पण ही कुटुंबांची घरं आहेत, यावरून बराकीची कल्पना करू नका. आणि संग्रहालय नोव्हेंबर २०२४ मध्ये नूतनीकरणासाठी बंद केलं होतं, तिकीट काढण्याआधी उघडलं का ते विचारून घ्या.

सातबारा

जाताच आहात तर बेथेस्डालाही अर्धा दिवस ठेवा. मुख्य रस्त्यावर गुत्ते मोजा आणि मग मिनिद लान्दिगायला वर चढा. घरांच्या मागच्या पट्ट्यांना कुंपणं दिसतील, स्लेटच्या उभ्या फळ्या जमिनीत पुरून वरून तारेने पिळलेल्या. त्यांना 'क्राविआय' म्हणतात. कुठल्या पट्टीचं कुंपण कुठे संपतं ते १८८०-९० च्या नकाशावर ताडून बघा. तुमच्या लेखाला बराकींपेक्षा त्या रेघांतच जास्त मिळेल असं माझं मत.